मधल्या घरातला डबा

नेर गावाकडच्या एका कास्तकाराचा फोन दरवर्षी दिवाळी उलटली की यायचा. "भाऊ, तुमचा वायफाय बसला." तुमचा म्हणजे माझा. चालू असला की त्यांचा, बसला की माझा.

त्यांच्या घरी समोरच्या खोलीत नेटचं मुख्य यंत्र होतं आणि मागे गोठ्याशेजारी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. मधल्या खोलीत माळ्यावर मी नेट पुढे पोचवणारा एक डबा बसवून दिला होता. उन्हाळा-पावसाळा सगळं ठणठणीत. दिवाळी झाली की रडगाणं सुरू. पहिल्या वर्षी मी डबा बदलून दिला. दुसऱ्या वर्षी फोनवरूनच काहीबाही सांगितलं. तिसऱ्या वर्षी स्वतः जाऊन मधल्या खोलीचं दार उघडलं, तर समोर कापसाची भिंत. खालपासून आढ्यापर्यंत खोली भरलेली.

"डबा कुठं आहे?"

"असन ना आतमंदी. कुठी जाईन तो?"

आम्ही दोघं आणि त्यांची बायको कोपरापर्यंत हात घालून कापूस उपसायला लागलो. शेवटी त्यांच्या बायकोच्या हाताला तो लागला आणि ती ओरडलीच, "अवं माय! मांजरीचं पिल्लू हाय काय अठी? कोमट लागून राह्यलं!"

डबा कापसात गाडला गेला होता आणि बिचारा आतल्या आत लुकलुकत होता. मी आगीची भीती घातली, तेव्हा कास्तकार शांतपणे म्हणाले, "थंडीचे दिवस हायेत, म्हनलं ऊब राहीन त्याले." त्याच दिवशी डबा दाराच्या चौकटीवर फळी ठोकून बसवला. तेव्हापासून दिवाळीनंतर फोन येत नाही.

आमच्या धंद्यात अशा गोष्टी पुष्कळ. एका बाईने धूळ बसू नये म्हणून डबा स्टीलच्या घमेल्याखाली झाकून ठेवला होता. एकाने टिनाच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं होतं. चार माणसांत बसलो की मी हेच किस्से सांगतो, आणि लोक हसतात. एक किस्सा मात्र मी कुठे सांगितलेला नाही. इथे सांगतो आहे.

त्याआधी धंदा थोडा समजून घ्या. मी दारव्ह्याचा. केबल टीव्हीच्या काळात खांबांवर चढायला सुरुवात केली, आता घरोघरी नेट जोडून देतो. मोबाइल हवेतून नेट घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काही यंत्रांना ते जमत नाही. त्यांच्या पाठीला वायर खुपसायचं एक चौकोनी भोक असतं, तेवढंच त्यांचं तोंड. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, जुना कॉम्प्युटर, ऑफिसातल्या टेबलावरचा फोन, ही सगळी त्यातली. मुख्य यंत्रापासून तिथपर्यंत वायर ओढता आली तर प्रश्नच नाही. पण आमच्याकडे वानरं फार. एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारताना ती वायरीला लोंबकळतात, आणि आठवड्यात वायर जमिनीवर.

त्यावर उपाय म्हणजे हे जोडीचे डबे. त्यांना मेश म्हणतात, गावात नुसतं 'डबे'. एक डबा मुख्य यंत्रापाशी, बाकीचे पुढे पुढे. ते आपसात हवेतून बोलतात. प्रत्येकाच्या पाठीला वायरीचं भोक असतंच. म्हणून शेवटचा डबा यंत्राशेजारी ठेवायचा आणि हातभर वायरीने दोघांना जोडायचं. यंत्राला वाटतं, आपल्याला वायरीतूनच नेट मिळालं.

यात खरी अक्कल लागते ती मधल्या डब्याच्या जागेला. समजा तुम्ही वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे आहात आणि पार तिकडे विहिरीपाशी असलेल्या माणसाला निरोप द्यायचा आहे. मधात एक माणूस उभा केला, तर तो तुमचं नीट ऐकेल आणि पुढे सांगेल. पण तो मधला माणूस विहिरीपाशीच जाऊन उभा राहिला, तर त्याला तुमचं अर्धंमुर्धंच ऐकू येईल. आणि ते अर्धंमुर्धं तो शेजारच्याच्या कानात मोठ्या खणखणीत आवाजात सांगेल. ऐकणाऱ्याला वाटेल, आवाज तर चांगला आहे. डब्याचंही तसंच. दिवा हिरवा, मोबाइलवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि आत निरोप तुटका.

हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालेलं नाही.

बोरी अरबला रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदाराची भाची सुजाता मागच्या वस्तीत राहते. ती पुण्यात नोकरीला होती. आईला लकवा मारला आणि ती नोकरी सोडून परत आली. घरात दोघीच. आईला सोडून कुठे जाता येत नाही, म्हणून तिने घरबसल्या काम शोधलं. फ्रीज, वॉशिंग मशीन बिघडलं की लोक ज्या नंबरवर ओरडतात, तिथे ओरडा ऐकून घ्यायचं काम. कंपनीने टेबलावरचा एक काळा फोन घरी पाठवला. त्याला फक्त वायरीचं तोंड. काही दिवस काम बघणार, फोन तुटले नाहीत तर पक्कं करणार, अशी बोली.

नेट मामाच्या दुकानात होतं. वस्तीत खांब नव्हते. मामाने मला बोलावलं.

मी दुकानाच्या मागच्या दारात उभं राहून नजर टाकली. इकडे दुकान, तिकडे सुजाताचं निळ्या रंगाचं घर, आणि बरोबर मधात इंदूकाकूंचं घर. काकूंच्या सयपाकघराची खिडकी दुकानाकडे तोंड करून, मोरीचा झरोका सुजाताच्या घराकडे. सरकारी नकाशा काढून दिल्यासारखी जागा. तिथे एक डबा ठेवला की काम फत्ते.

सुजाता पोरगी हुशार. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "काका, मधात इंदूकाकूच्या इथं एक डबा ठेवला तर?"

मी म्हणालो, "त्या नाही ठेवू देणार."

एवढंच. ती माझ्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आईला पाणी द्यायला आत गेली.

आता हे लिहायचंच तर नीट लिहितो. मी कुणबी. इंदूकाकू कुणबी, माझ्या बायकोच्या माहेरच्या नात्यातल्या. सुजाताचं घर बौद्ध. बोरीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते कोणी बोलत नाही, आणि मीही ते न बोलता बोललो. "त्या नाही ठेवू देणार" या चार शब्दांत सुजाताला सगळं ऐकू गेलं.

काकूंना मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्या अंगणातच बसल्या होत्या, तुरीची डाळ पाखडत. मला बघून "जावाई, च्या घ्या" असंही म्हणाल्या. मी "घाईत आहे" म्हणून निघालो. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला खाली पाहावं लागलं असतं. हो म्हटलं असतं, तर सासुरवाडीत विषय झाला असता की जावाई त्या वस्तीच्या कामासाठी घरोघरी तोंड वेंगाडत फिरून राह्यला. मला दोन्ही नको होतं. म्हणून काकूंचं उत्तर मीच देऊन टाकलं.

दोनच डबे लावले. एक दुकानात, दुसरा थेट सुजाताच्या खिडकीत. वायर फोनला जोडली, दिवा हिरवा झाला. खात्री पटावी म्हणून तिच्या मोबाइलवर गाण्याचा व्हिडिओ लावून दाखवला. तो सरळ चालला. चालणारच. व्हिडिओ पुढचं थोडं थोडं आधीच भरून ठेवतो, म्हणून अडखळ दिसत नाही. बोलणं भरून ठेवता येत नाही. हेही मला ठाऊक होतं. तिची आई खाटेवरून एका बाजूने हसली. सुजाताने चहा केला. मी प्यालो.

चार दिवसांनी तक्रार आली. लोक म्हणायचे, "ताई, तुमचा आवाज तुटून राह्यला." मी गेलो, वायर बदलली, डबा वीतभर सरकवला. परत तक्रार. परत गेलो. तिने विचारलं, "काका, नेटच कमी पडून राह्यलं काय?"

"नेट फुल आहे. हा बघ दिवा. तुझा फोनच जुना आहे. कंपनीला सांग."

तिने सांगितलं. कंपनी म्हणाली फोन तपासून पाठवलेला आहे, तुमचं नेट खराब. ती म्हणाली नाही, आमचे काका म्हणतात नेट चांगलं आहे. वरच्या साहेबाशी माझ्या शब्दावर भांडली. काम पारखून घ्यायचे दिवस, आणि भांडण! त्यांनी कुरिअर पाठवून फोन परत मागवला.

मला हे मामाने सांगितलं. मी म्हणालो, "आजकालच्या कंपन्याच अशा." घरी आलो, जेवलो. झोपही लागली. हे सांगायला हवं, कारण असं वाचून लोकांना वाटतं की माणूस रात्रभर तळमळला असेल. नाही तळमळलो. ते पुढे हळूहळू सुरू झालं. कोणाच्या घरी हिरवा दिवा लागला की बघवेना.

सुजाता मग ब्लाउज शिवायला लागली. आई झोपली की दुपारी मामाच्या दुकानात बसायची. मला बघून "या काका" म्हणायची. तेच फार व्हायचं.

मधल्या काळात एकदा इंदूकाकूंनी त्यांच्या टीव्हीसाठी बोलावलं. टीव्हीला काही झालं नव्हतं, रिमोटचे सेल संपले होते. चहा पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "जावाई, तुमचं जाणं-येणं हाय सुजाताकडं. एक विचारू?"

"विचारा."

"पोट्टी माह्याशी बोलत काहून नाही? पयले येता-जाता हाक मारे. तिच्या मायले मी मेथीचे लाडू देत जाओ. आता मान खाली घालून निंगून जाते. लाडू नेऊन देल्ले, तर म्हणे राहू द्या काकू, कायले तुमचं भांडं अडकवता. माह्या हातून काही चुकलं काय, बाप्पा?"

काकू आणि त्या घरात लाडवांची ये-जा होती, हे मला माहीत नव्हतं. मी गावाबद्दल सगळं जाणतो अशा थाटात बोललो होतो, आणि एवढं माहीत नव्हतं. तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कामात असेल हो ती." दुसऱ्यांदा गप्प बसलो. पहिल्यापेक्षा हे वाईट, असं मला आज वाटतं.

मग गेल्या उन्हाळ्यात सुजाताचाच फोन आला. दुसऱ्या एका कंपनीत तसंच काम मिळत होतं. परत टेबलावरचा फोन, परत वायरीचं तोंड, परत आधी थोडे दिवस बघणार. ती म्हणाली, "काका, या वेळेस फोन नवा हाय. चालन ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तीन डबे घेऊन गेलो. पिशवी उघडलीच नाही. तिच्या ओट्यावर बसलो आणि सांगितलं. फोन जुना नव्हता. डबा चुकीच्या जागी होता, आणि तो चुकीच्या जागी आहे हे मला लावतानाच माहीत होतं. काकूंना मी विचारलं नव्हतं.

ती दारात उभी होती. आधी म्हणाली, "फोन चांगला होता?"

"हो."

"मी त्या साहेबाले खोटं पाडलं."

"हो."

 आत आईने काहीतरी विचारलं, ते तिने ऐकलं नाही.

"काकू नाही म्हटल्या नव्हत्या?"

"विचारलंच नाही ना मी."

"मंग तुम्ही काहून सांगतलं तसं?" तिचा आवाज चढला. "मी त्याहिच्या दारावरून मान खाली घालून जात राह्यली. त्याहिनं लाडू आणून देल्ले, ते वापस केले मी. मले वाटलं, डबा चालत नाही यायले आमचा, आन् लाडू कायचे देऊन राह्यल्या! सांगा ना, काहून?"

माझ्याकडे जे होतं ते सांगितलं. सासुरवाडी, लाज, घाई. बोलताना ते इतकं किरकोळ वाटलं की मी अर्ध्यातच थांबलो. माफी मागितली. तिने ती घेतली नाही आणि झिडकारलीही नाही. चप्पल पायात घातली.

"चला."

"कुठं?"

"विचाराले. माह्यासमोर विचारा."

काकू लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हा दोघांना एकत्र बघून त्यांनी सूप बाजूला केलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहिल्या खेपेचंही.  माझं झाल्यावर त्या माझ्याशी नाही, सुजाताशी बोलल्या.

"पोरी, तवा यानं विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मले ठाव नाही. खरं सांगतो. तवा आमच्या घरचे, तुहे काका, जित्ते होते, त्याहिचा सोभाव तुले माहीत हाय. मी नाहीबी म्हटलं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण मले विचारलं तर नाहीच ना, जावाई. माह्या तोंडचं तुम्हीच बोलून मोकये झाले."

मी मान हलवली.

"आता विचारा."

"काकू, सुजाताच्या कामासाठी तुमच्या सयपाकघराच्या खिडकीत एक डबा ठेवायचा आहे. ठेवू का?"

काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी बाहेरून त्यांची पाठ बघत होतो. सुजाता उंबऱ्याच्या अलीकडे, ओढणी हातात घट्ट धरून. त्या पाठीकडे बघताना मला कळलं की मी त्या दिवशी कशाला भ्यालो होतो. हेच ते थांबणं. सुजाता मात्र जागची हलली नाही.

"बरण्या सरकवा लागन," काकू आतून म्हणाल्या. "सुजाता, तूच ये व आत. या बुवाच्या हातून माह्या लोणच्याच्या बरण्या फुटतीन."

सुजाता चपला काढून आत गेली. बरण्या दोघींनी सरकवल्या. डबाही तिनेच खिडकीत ठेवला. मी उंबऱ्यातून नुसतं "थोडा डावीकडे" म्हणत होतो. अडचण निघाली बटणाची. त्या भिंतीला एकच सॉकेट, तेही मिक्सरचं.

"मंग ठेसा कायनं वाटू?"

"पाट्यावर," सुजाता म्हणाली.

"तू ये मंग वाटाले!" काकू म्हणाल्या, आणि सुजाता हसली. त्या दिवशी ती एकदाच हसली. माझ्याकडे बघून नव्हे.

मी म्हणालो, पुढच्या खेपेला जास्तीच्या सॉकेटचा बोर्ड आणून देतो, तोवर मिक्सर लावायचा असला तर डबा काढावा लागेल, आणि डबा काढला की फोन बंद पडेल. काकूंनी ऐकून घेतलं.

तिसरा डबा सुजाताच्या टेबलावर, हातभर वायर, नवा फोन. या वेळी मी गाणं लावून दाखवलं नाही. दुकानात जाऊन मामाच्या मोबाइलवरून तिच्या त्या नव्या फोनवर फोन लावला आणि बोलत राहिलो. काय बोलायचं सुचेना, म्हणून दुकानातल्या पाट्या वाचून दाखवल्या. रंगीत झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. शेवटी विचारलं, "तुटतोय का?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं ऐकू येऊन राह्यलं."

ते काम पक्कं झालं. आता ती मला काका म्हणत नाही. 'तुम्ही' म्हणते, तेही कामापुरतं. बायकोला मी सगळं सांगितलं. सासुरवाडीत विषय व्हायचा तो झालाच. एका मेहुण्याने दोन सण बोलणं टाकलं, मग आपोआप बोलायला लागला. एवढ्याचीच मी भीती घेऊन बसलो होतो.

कबूल केलेला बोर्ड घेऊन मी त्याच उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, बोरीला गेलो होतो. दुपारची वेळ. दुकानाच्या मागच्या दाराने निघालो आणि काकूंच्या कुंपणापाशी आलो, तोच आतून त्यांची हाक ऐकू आली.

"सुजाताऽऽ! मिक्सर लावू काय व? हाय काय कोणी फोनवर?"

तिकडच्या निळ्या घरातून उत्तर आलं, "थांबा काकू, एक बाई भांडून राह्यली! पाच मिनटं!"

"बरं, होऊ दे तिचं!"

खिडकीतून मला काकू दिसत होत्या. मिक्सरचं भांडं ओट्यावर भरून ठेवलेलं, एक हात त्या डब्याच्या प्लगवर, कान तिकडच्या घराकडे. घाई काही नव्हती. थोड्या वेळाने निळ्या घरातून आवाज आला, "लावा काकू!" आणि काकूंनी प्लग उपसला.

बोर्ड पिशवीतच राहू दिला. कुंपणापासून मागे फिरलो आणि रस्त्याला लागलो.